रजिस्टरात चालू आहे

मार्चचा शेवटचा आठवडा सुरू व्हायचा होता. आमच्या ऑफिसात या दिवसात कुणी कुणाशी धड बोलत नाही, चहा येतो तो टेबलावर साय धरून पडून राहतो, आणि बीम्सवर, म्हणजे सरकारच्या बजेट वाटपाच्या सिस्टिमवर, अनुदान आलं का हे दर अर्ध्या तासाने बघणं हाच सगळ्यांचा जप. त्यात सॉफ्टवेअरच्या एएमसीची, म्हणजे वर्षाच्या देखभाल कंत्राटाची, फाइल माझ्याकडे. दरवर्षी असते. कंपनीचं कोटेशन, मागच्या वर्षीच्या मंजुरीची प्रत, दुसरा कुणी देणारा नाही याचा दाखला म्हणजे पीएसी, आणि शेवटी जोडपत्र म्हणून यूजर्सची यादी, तेरा पानं, बारीक टाइप, जी आजवर कुणी वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मीही कधी वाचली नव्हती. पण आमच्याकडे एक नवीन मुलगी आलीय, लिपिक म्हणून, बीडकडची, वर्षही झालेलं नाही, आणि तिला अजून कुणी सांगितलं नाहीये की जोडपत्र वाचायचं नसतं. ती पट्टी घेऊन एकेक ओळ बघत बसली होती. मध्येच उठून आली आणि म्हणाली, "सर, ह्या मॅडम कुठल्या फ्लोअरला बसतात? यांचा पगाराचा सेवार्थ नंबर जुळंना." मी चष्मा वर करून बघितलं तर आमच्या बाई. नाव नाही लिहीत इथे. म्हटलं, "त्या गेल्या." "रिटायर झाल्या का?" "नाही गं. गेल्या. एकवीसच्या एप्रिलमध्ये." ती जरा गप्प झाली, मग पट्टी तिथेच धरून म्हणाली, "मग सर, यांचं लायसन कोण वापरतं?" मी म्हटलं कोणी नाही. "मग आपण दरवर्षी..." तिला पुढे बोलू न देता मी म्हटलं, "एकतीस मार्च होऊ दे, मग बघू. आत्ता फाइल पुढे पाठव."

एकतीस मार्च होऊ दे, मग बघू. हे वाक्य मी तीस वर्षं बोलतोय.

बाई वसईहून यायच्या. माझ्या शेजारच्या टेबलावर चौदा वर्षं बसल्या. खुर्चीवर त्यांची स्वतःची उशी, क्रोशाचं कव्हर घातलेली, कारण सरकारी खुर्चीचा स्पंज कधीच बसला होता. हिवाळ्यात सुकेळी आणायच्या, केळीच्या सोपात बांधलेली, आणि वाटताना मोजून दोनच द्यायच्या, तिसरं मागितलं की "शुगर आहे ना तुम्हाला" म्हणून डबा बंद. सॉफ्टवेअर आलं तेव्हा सगळ्यात जास्त विरोध त्यांचा, आणि सगळ्यात आधी शिकल्या त्याच. पासवर्ड टेबलाच्या काचेखाली कागदावर लिहून ठेवलेला, त्याच्यावर गणपतीचा फोटो, म्हणजे फोटो उचलला की पासवर्ड. सगळ्या ऑफिसला माहीत. दुसऱ्या लाटेत लोकलमध्ये फक्त सरकारी आणि अत्यावश्यकवाल्यांना सोडत होते, बाई म्हणायच्या आयुष्यात पहिल्यांदा खिडकी मिळतेय. नंतर दहा-बारा दिवसांत सगळं संपलं. आम्ही कुणीच जाऊ शकलो नाही. त्यांची उशी बरेच दिवस तशीच होती, मग कुणीतरी हलवली, कुणी ते मी विचारलं नाही. पण त्यांचा आयडी मात्र कुणी हलवला नाही. कारण सांगतो, तेव्हा आमच्यात असा समज होता की आयडी बंद केला तर त्या आयडीने पास केलेली जुनी व्हाउचरं दिसायची बंद होतील. खरं की खोटं कुणी तपासलं नाही. ऑडिट तोंडावर होतं, कोण धाडस करणार. मग राहिला तो आयडी, आणि आयडी राहिला म्हणून लायसन राहिलं, आणि लायसन राहिलं म्हणून त्याची एएमसी.

ज्यांना या प्रकाराचा संबंध येत नाही त्यांना वाटतं सॉफ्टवेअर म्हणजे मिक्सरसारखं, एकदा घेतलं की झालं, बिघडला तर दुरुस्तीवाला. तसं नसतं. लायसन एकदा घ्यायचं, आणि मग दरवर्षी त्याचा सपोर्ट घ्यायचा, त्याला कागदावर एटीएस, ॲन्युअल टेक्निकल सपोर्ट, म्हणतात, आम्ही सगळे एएमसीच म्हणतो. ओरॅकलसारख्या मोठ्या कंपनीचा दर तर जगजाहीर आहे, लायसनच्या निव्वळ किमतीच्या २२ टक्के, दरवर्षी. आमचं सॉफ्टवेअर त्यांचं नाही, दुसऱ्या कुणाचं, पण दर साधारण त्याच पंक्तीतला. आता हिशेब करा, माझं आयुष्य हिशेबातच गेलं त्यामुळे मला राहवत नाही. १०० रुपयांची वस्तू, वर्षाला २२, पाच वर्षांत ११०. म्हणजे पाचव्या वर्षी वस्तू दुसऱ्यांदा विकत घेऊन झाली, वर दहा रुपये. शिवाय १८ टक्के जीएसटी. आणि हातात काय येतं? नवीन आवृत्ती आली तर ती लावायचा हक्क, चूक सापडली तर त्याचं ठिगळ, ज्याला ते पॅच म्हणतात, आणि फोन केला तर कुणीतरी उचलेल याची हमी. ऑफिसात येऊन बसतो तो टाय लावलेला मुलगा यात नाही बरं का, त्याचं कंत्राट वेगळं. मला पहिली काही वर्षं हेच कळायचं नाही की मग तो कोण आणि हे पैसे कशाचे.

आणि थांबवता येत नाही. ही खरी मेख. टेंडर काढावं म्हटलं तर दुसरा देणार कोण, ज्याचं सॉफ्टवेअर त्याच्याकडेच त्याचा कोड. म्हणून पीएसी करायचं, प्रोप्रायटरी आर्टिकल सर्टिफिकेट, की बाबा ही वस्तू हाच बनवतो, दुसऱ्याची चालणार नाही, कारणे पुढीलप्रमाणे. केंद्राच्या वित्तीय नियमांत, २०१७ च्या जीएफआरमध्ये, त्यासाठी नियम १६६ आहे, राज्याच्या २०१६ च्या नियमपुस्तिकेतही एकमेव उत्पादकाची सोय आहे. कारणं आम्ही मागच्या वर्षीचीच कॉपी करतो, मागच्या वर्षी त्याच्या मागच्या वर्षीची केली होती. बरं, एखाद्या वर्षी नाहीच घेतलं तर? परत घेताना मधल्या काळाचे पैसे भरायचे, वर दंडासारखी रक्कम. आणि कमी करू म्हटलं तर? मी एकदा पत्र लिहिलं होतं, साधारण दहा वर्षांपूर्वी, आपल्याकडची काही लायसन वापरात नाहीत, सबब ती वगळून कोटेशन द्यावं. उत्तर आलं, अत्यंत नम्र, की अवश्य, मात्र संख्या कमी झाल्याने मूळ सवलत लागू राहणार नाही, उरलेल्यांचा दर सुधारित राहील. सुधारित दराने गुणून बघितलं तर एकूण बिलात फरक पडत होता तो आमच्या ऑफिसच्या महिन्याच्या चहापाण्याइतका. साहेबांनी फाइलवर लिहिलं, 'चर्चा करावी'. चर्चा झाली नाही.

माझा भाचा ऐरोलीला अशाच एका कंपनीत आहे, सपोर्टच्या रिन्यूअलचंच काम बघतो. गणपतीत घरी आला होता तेव्हा मी त्याला हे सगळं ऐकवलं, जरा तावातावाने, हातात मोदक होता. तो हसला आणि म्हणाला, "मामा, नवीन विक्री म्हणजे लॉटरी हो, लागली तर लागली. तुमच्यासारखे कस्टमर म्हणजे आमची एफडी." मला राग आला खरं तर. पण तो वाईट मुलगा नाही, नंतर भांडी पुसताना मला समजावत होता की मामा, फुकट सॉफ्टवेअर घेतलं तरी कुणीतरी राबतंच, डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या एका छोट्याशा फुकट तुकड्यात भोक सापडलं, जगातल्या अर्ध्या कंपन्या तो वापरत होत्या आणि सांभाळणारे होते मूठभर स्वयंसेवक, स्वतःची नोकरी सांभाळून करणारे, आम्ही सगळे तो शनिवार-रविवार घरी गेलो नाही. "त्यांना कुणी एएमसी दिली होती का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुसलेली ताटं त्याने उलटी ठेवली, मी सुलटी केली, तेवढाच माझा विजय.

तर अशी सगळी परिस्थिती, आणि मी त्या रात्री डोंबिवली फास्टमध्ये उभा, कुणाच्या तरी काखेत तोंड, आणि डोक्यात ते तेरा पानांतलं एक नाव. खरं सांगायचं तर बाईंच्या नावाने पैसे जातात याचं वाईट वाटत होतं की त्यांचं नाव अजून कुठेतरी चालू आहे याचं बरं वाटत होतं, ते मलाच ठरवता येईना. मग घाटकोपरच्या आसपास मला बाबा आठवले. का आठवले ते नंतर कळलं.

बाबा टाइपरायटर मेकॅनिक होते. फोर्टमध्ये. स्वतःचं दुकान नाही, बोरा बाजारात एकाच्या दुकानात भाड्याने एक टेबल, बाकी सगळा धंदा खांद्याच्या पिशवीत. खाकी कॅनव्हासची पिशवी, तिच्यात स्क्रूड्रायव्हरची गुंडाळी, शिलाई मशीनच्या तेलाची कुपी, पेट्रोलची बाटली, दोन टूथब्रश, आणि अक्षरांच्या पोटात बसलेली शाई टोकरायला एक सेफ्टी पिन. व्हीटीपासून बॅलार्ड इस्टेट, तिथून चर्चगेट, सगळं पायी. ऑफिसांशी त्यांचं वर्षाचं कंत्राट असायचं, एएमसी हा शब्द मी पहिल्यांदा बाबांच्या तोंडून ऐकला, लालबागच्या चाळीत, आई विचारायची "ह्या वर्षी एमशी मिळाली का?" आणि मला वाटायचं एमशी म्हणजे काहीतरी खाण्याचं. मशीनमागे महिन्याचे ठरलेले पैसे. महिन्यातून एकदा जायचं, झाकण काढायचं, फुंकर मारायची, साफ करायचं, तेलाचा थेंब सोडायचा, दोन ओळी टाइप करून बघायच्या, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कार्डावर तारीख घालून सही. हेडक्लार्क त्यांना मिस्त्री म्हणायचे. बाबांना ते आवडत नसावं, पण कंत्राट असल्यावर काय आवडून न आवडून.

मराठी मशीनबद्दल ते एक सांगायचे ते मी कुठेच दुसरीकडे ऐकलं नाही. म्हणायचे, इंग्रजी मशीनची कुठलीही की आधी झिजेल, सांगता येत नाही, पण मराठी मशीनचा काना सगळ्यात आधी जातो. कारण ख, ण, श, ध, भ ही सगळी अक्षरं मशीनवर अर्धीच असतात, काना मारला की पुरी होतात. सबंध सरकारचा कारभार एका कान्यावर उभा, असं म्हणून ते कान्याच्या टाइपावर पिन फिरवायचे. गोदरेजने १९५५ साली पहिलं देशी मशीन काढलं, बाबांचा हात गोदरेजवरच बसलेला, रेमिंग्टनला ते 'मोठ्या घरची सून' म्हणायचे, म्हणजे चांगली पण नखरे फार.

१९८३ च्या मे महिन्यात, मी बारा वर्षांचा, सुट्टी होती म्हणून बाबा मला पिशवी धरायला घेऊन गेले. एक सरकारी ऑफिस, जुनी दगडी इमारत, आत शिरलं की गार, आणि फायलींचा तो वास, थोडा ओलसर थोडा खळीचा. वीसेक मशीनं होती. बाहेरची सगळी झाली, मग बाबा शिपायाकडून किल्ली घेऊन मागच्या स्टोअरमध्ये गेले. तिथे मोडक्या खुर्च्यांच्या मागे पाच मशीनं, एकीचं कॅरेज निखळलेलं, एकीची निम्मी अक्षरं गायब, एकीत चक्क पाल राहत होती. बाबांनी खाली बसून पाचही मशीनं पुसली. ब्रश मारला. तेल सोडलं. कार्डावर तारीख घातली, सही केली. मी म्हटलं, "बाबा, ही तर बंद आहेत." बाबा तेलाच्या कुपीचं टोपण लावत होते, वर न बघता म्हणाले, "रजिस्टरात चालू आहेत."

बस एवढंच. पुढे नळबाजारातून येताना त्यांनी मला उसाचा रस पाजला.

तेव्हा मला काही कळलं नव्हतं. नंतर मी स्वतः सरकारात आलो, डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे ऑफिसातल्या वस्तूंची नोंदवही, हातात आलं, तेव्हा उलगडा झाला. मशीन मोडलं म्हणून ते आपोआप जात नाही. त्याचं निर्लेखन करावं लागतं, म्हणजे रजिस्टरातून रीतसर कमी करावं लागतं. प्रस्ताव, समिती, प्रत्यक्ष पाहणी, मूळ किंमत, घसारा, लिलावातून अपेक्षित रक्कम, सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी. एवढी यातायात पाच मशीनींसाठी कोण करणार, त्यापेक्षा महिन्याचे थोडे रुपये देणं सोपं, आणि ते रुपये देणाऱ्याच्या खिशातून जात नाहीत. हेडक्लार्कला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, पालीलाही माहीत असावं. त्या पाच मशीनींच्या पैशात माझ्या शाळेची फी निघत होती हे मला आईने सांगितलं, बाबा गेल्यावर, सहज बोलता बोलता. म्हणजे मी आज ज्या गोष्टीवर तावातावाने बोलतो, मेलेल्या वस्तूवर सरकारचे पैसे जातात म्हणून, त्याच गोष्टीवर मी शिकलो आणि शिकून या खुर्चीवर बसलो. भाच्याला एफडी म्हणाला म्हणून कशाला रागवायचं मी. लोकलमध्ये मुलुंड गेलं तरी मला हे नीट गिळता येत नव्हतं. एक मात्र आहे, बाबांनी ती मशीनं खरंच पुसली होती. पाल हाकलून पुसली होती. कुणी बघायला येणार नव्हतं. यात फरक आहे की मीच माझ्या समाधानासाठी फरक काढतोय, ते तुम्ही ठरवा.

मधल्या काळात मराठी फॉन्टचं एक प्रकरण होऊन गेलं, ते या सगळ्यात मला फार आवडतं. कॉम्प्युटर आले तेव्हा मराठी टाइप करायला पॅकेज विकत घ्यावं लागायचं, आणि त्याच्याबरोबर एक डोंगल यायचं, काडेपेटीएवढं, ते मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं. डोंगल नसेल तर मराठी बंद. आमच्याकडे माणसं बारा आणि डोंगलं चार, त्यामुळे ज्याला पत्र काढायचं तो हातात डोंगल घेऊन फिरायचा, जेवायला जाताना लोक ते ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवायचे. मातृभाषा कुलपात. एकदा एक डोंगल हरवलं तर एकाचा खुलासा मागवला होता. मग युनिकोड आलं आणि एक दिवस मराठी फुकट झाली, म्हणजे मशीनमध्येच आली, कुणाच्या परवानगीशिवाय. कुणी आंदोलन केलं नाही, कुणी आदेश मोडला नाही, नुसती ती गरजच विरघळून गेली. चारही डोंगलं अजून कपाटात आहेत, डेडस्टॉकला नोंद आहे ना. आणि त्या काळातली पत्रं आता उघडली की रोमन अक्षरं, टिंबं आणि तिरक्या रेघांची मिसळभाजी दिसते. मराठी टाइपरायटरची शेवटची सरकारी परीक्षा २०१७ च्या ऑगस्टमध्ये झाली, तेव्हा बाबा नव्हते. बाबांच्या मशीनवर १९८३ साली टाइप केलेला कागद आजही वाचता येतो, आणि १९९८ चं आमचं पत्र वाचता येत नाही. यावरून लगेच जुनं ते सोनं वगैरे म्हणायला मी तयार नाही, त्या मशीनींच्या खडखडाटात चार तास बसून बघा.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही, आणि हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं. विंडोज एक्सपी आठवतं का, ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ? त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, आणि ब्रिटनच्या सरकारने एका वर्षाच्या वाढीव सपोर्टसाठी मायक्रोसॉफ्टला ५५ लाख पौंडांहून जास्त दिले, कारण त्यांच्या ऑफिसांतली मशीनं वेळेत बदलून झालीच नव्हती. वाचताना मला त्यांचा कुणीतरी साहेब डोळ्यांसमोर आला, 'चर्चा करावी' लिहिणारा. पुढे २०१७ च्या मेमध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला, त्यांच्या सरकारी दवाखान्यांतल्या हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या, सगळे म्हणाले बघा एक्सपी ठेवलं म्हणून. पण त्यांच्याच महालेखापरीक्षकांच्या अहवालात निघालं की बाधित मशीनं बहुतेक विंडोज सेव्हनची होती, म्हणजे सपोर्ट चालू असलेली, पॅच दोन महिने आधी येऊन पडलेला. लावला नव्हता. पैसे भरले, तेलाची कुपी आली, आणि थेंब सोडायला कुणी बसलंच नाही. त्याच जूनमध्ये तसलाच दुसरा व्हायरस आपल्या दाराशी आला, जेएनपीटी बंदरातलं, मर्स्क या जहाज कंपनीच्या ताब्यातलं एक टर्मिनल बंद पडलं, कंटेनर जागच्या जागी. आणि आता विंडोज टेन, १४ ऑक्टोबर २०२५ ला तेही संपलं. ऑफिसांनी पुढे सुरक्षा हवी असेल तर पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. आमच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टँकरवाल्याची आठवण झाली, तोही असाच मे महिन्यात दर लावतो.

केंद्राने २०१५ मध्ये धोरण काढलं की सरकारी कामात ओपन सोर्सला, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला अशा सॉफ्टवेअरला, पहिलं प्राधान्य द्यावं, आणि मालकीचं सॉफ्टवेअर घ्यायचंच तर का ते लिहून द्यावं. आम्ही लिहून देतो. लिहून देण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. पण सगळ्यात मला गंमत वाटली ती अमेरिकेची. त्यांचं केंद्र सरकार आयटीवर वर्षाला १०० अब्ज डॉलरहून जास्त घालवतं आणि त्यातले ८० टक्के आहे तेच चालू ठेवण्यात जातात, असं त्यांचेच ऑडिटवाले सांगतात. आणि २०१६ साली त्यांना कायदा करावा लागला, नाव मेगाबाइट ॲक्ट, की प्रत्येक खात्याने आपल्याकडे कुठली सॉफ्टवेअर लायसन आहेत, किती आहेत, त्यातली वापरात किती, याची यादी ठेवावी. कायदा! यादी ठेवायला! आपल्याकडे खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर घालतात, कचऱ्याच्या डब्यावर घालतात, आणि डेडस्टॉकमध्ये लाखो रुपयांच्या लायसनला पान नाही. विचारलं तर म्हणतात वस्तू कुठाय, नंबर कशावर घालायचा.

तर मार्च संपला. बिल रात्री पावणेआठला पीएओला, म्हणजे बिलं पास करणाऱ्या पे अँड अकाउंट्स ऑफिसला, बीकेसीला, लेखा कोष भवनात टोकन लागून गेलं, नेहमीसारखं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, साहेबांनी बटाटेवडे मागवले. बाईंच्या नावाचेही गेले. आणि एप्रिलच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी सकाळी येतो तर ती मुलगी यादी घेऊन उभी. "सर, एकतीस मार्च झाला." मला वाटलं टोमणा मारतेय, पण नाही, तिने खरंच ते वाक्य तारखेसारखं लिहून ठेवलं होतं. आता काय करणार. चष्मा घेतला आणि तिच्याबरोबर निघालो. चार दिवस आम्ही मजले फिरलो, यादी हातात, एकेक नाव विचारत. लोकांना वाटलं बदल्यांची यादी आहे, दोघा-तिघांनी आधीच सांगून टाकलं की त्यांच्या आईला बरं नसतं. रिटायर झालेले निघाले, एक तर पंढरपूरला हॉटेल टाकून बसलेत. बदलून गडचिरोलीला गेलेले निघाले. एक साहेब दोन नावांनी सापडले, एकदा आडनाव आधी, एकदा नाव आधी, दोघांनाही सपोर्ट. आणि टेस्ट वन, टेस्ट टू, टेस्ट थ्री, डेमो, डेमो न्यू, आणि एक नुसतंच 'आआआ', जे सॉफ्टवेअर आलं त्या दिवशी कुणीतरी बोट ठेवून बघितलं असणार, ते तेव्हापासून आमच्या आस्थापनेवर आहे. ३१२ नावांतली ५८ अशी निघाली. दर सुधारित होईल, चहापाण्याइतकेच वाचतील, हे मला माहीत आहे. तिला मी ते सांगितलं नाही. सांगेन.

प्रस्ताव करायचा तर नमुना पाहिजे. लायसनच्या निर्लेखनाचा नमुनाच नाही. शेवटी आम्ही खुर्च्या-टेबलांचा घेतला, तोच फॉर्म, वस्तूचे वर्णन, खरेदीचा दिनांक, मूळ किंमत, सद्यस्थिती, निरुपयोगी होण्याचे कारण. ती टाइप करत होती, भराभर, युनिकोडमध्ये, मी शेजारी बसून नावं वाचत होतो. त्या टेबलाच्या काचेखाली अजून तो गणपतीचा फोटो आहे, तिने काढला नाही, तिला वाटलं ऑफिसचाच आहे. एका पानाच्या मध्यावर ती थांबली. स्क्रीनवर बाईंचं नाव, पुढे युजर आयडी, स्टेटस ॲक्टिव्ह.

"सर, कारणात काय लिहू?"

मी जरा वेळ त्या रकान्याकडे बघत राहिलो. मग म्हटलं, "तू आधी टेस्ट वनपासून घे. बाईंचं शेवटी बघू."